तीच खोली, तेच हॉटेल, आणि आईची दीड ओळ

(अमेरिकेत टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनीच्या पत्राचा हा सारांश. १९९९च्या ऑगस्टमध्ये त्या दहा वर्षांच्या आणि त्यांचा दादा सोळा वर्षांचा होता. 'वायटूके'च्या, म्हणजे सन २०००मुळे संगणकांत येऊ घातलेल्या अडचणी दूर करण्याच्या कामासाठी न्यू जर्सीत आलेल्या बाबांनी जुनी गाडी चालवत सगळ्यांना फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला नेले आणि तिथल्याच 'ऑल-स्टार म्युझिक' या डिस्नेच्या हॉटेलात चौघे तीन रात्री राहिले. पुढच्या वर्षी कुटुंब पुण्याला परतले. बाबांना जाऊन आता तीन वर्षे झाली. सध्या ७१ वर्षांची आई सहा महिन्यांसाठी लेकीकडे आली आहे. येत्या ऑगस्टमध्ये आई, दादा, पती आणि १० व ६ वर्षांची दोन मुले अशा सहा जणांनी त्याच हॉटेलात, जमल्यास त्याच खोलीत, तीन रात्री राहावे अशी या भगिनींची इच्छा आहे. कॅलिफोर्नियात राहणारा दादा म्हणतो, "ते स्वस्तातले हॉटेल होते. त्या सहलीत बाबांची किती ओढाताण झाली ते तुला माहीत नाही. आता परवडते तर चांगल्या ठिकाणी राहू." पतीने 'पॉलिनेशियन' हे मोनोरेलवरचे महागडे हॉटेल सुचवले आहे. आई म्हणते, "तुम्ही ठरवाल तसे." त्या विचारतात : मी हट्ट करते आहे का? आणि तिथे जाऊन काहीच पूर्वीसारखे दिसले नाही, तर जी आठवण आज माझ्याकडे आहे तीही हातची जाईल का?)

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा वाचताना तुमच्याबरोबर मीही हॉटेलातल्या त्या गिटारच्या आकाराच्या पोहण्याच्या तलावाच्या काठावर जाऊन बसले. तीन मजली उंचीच्या काउबॉय बुटांपुढे उभे राहून बाबांनी काढलेला फोटो, त्यात दादाचा अर्धाच आलेला चेहरा, रात्री फूड कोर्टमधून आणलेला एकच पिझ्झा चौघांत वाटून खाणे, हे सगळे तुम्ही इतके जिवंत लिहिले आहे की हट्ट वगैरे शब्द तुम्ही स्वतःसाठी का वापरता, असे वाटले. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एक गोष्ट लक्षात आली. हॉटेलविषयी तुम्ही जवळजवळ सव्वा पान लिहिले आहे, बाबांविषयी अर्धे पान, आणि आईविषयी दीड ओळ. त्या दीड ओळीकडे मी वळणारच आहे, पण आधी तुमच्या भीतीचे बोलू, कारण तिचे उत्तर बरेचसे माहितीवर अवलंबून आहे आणि माहिती आधीच हाती असलेली बरी.

ऑल-स्टार म्युझिक सुरू झाले १९९४च्या अखेरीस. म्हणजे तुम्ही गेलात तेव्हा ते पाचही वर्षांचे नव्हते, रंग ताजे होते. डिस्नेने मध्यमवर्गीय कुटुंबांना आपल्याच आवारात राहता यावे म्हणून जी स्वस्त गटातली हॉटेले बांधली, त्यांतले हे एक. २६० चौरस फुटांची खोली, दोन डबल बेड, बाहेरच्या उघड्या गच्चीवजा मार्गिकेत उघडणारे दार आणि इमारतींवर चढवलेली ती अवाढव्य वाद्ये. वाद्ये आजही आहेत. बूट आहेत. गिटारच्या आकाराचा तलाव आहे, पियानोच्या आकाराचाही आहे. खोली मात्र तुम्हाला ओळखू येणार नाही. अलीकडच्या नूतनीकरणात गालिचे निघाले आणि लाकडासारखी दिसणारी फरशी आली, भडक चादरी जाऊन पांढऱ्या आल्या, आणि दोन पलंगांपैकी एक आता दिवसा भिंतीला लागून असतो. त्याच्या जागी टेबल दिसते आणि रात्री ते टेबल मिटवून पलंग खाली ओढायचा असतो. तुम्ही आणि दादा ज्या पलंगावर भांडलात तो दिवसा अस्तित्वातच नसतो म्हणा ना.

खोल्यांची आणखी एक हकिकत तुमच्या कामाची आहे. २००६च्या सुमारास या हॉटेलाने काही इमारतींमधल्या शेजारशेजारच्या दोन-दोन खोल्या एकत्र करून ५२० चौरस फुटांचे 'फॅमिली स्वीट' केले. त्यात सहा माणसे राहू शकतात, दोन न्हाणीघरे असतात, छोटा फ्रीज, मायक्रोवेव्ह आणि भांडी विसळण्यापुरते सिंक असते. तुमची साधी खोली चौघांसाठी होती आणि आजही ती चौघांसाठीच आहे. तुम्ही आता सहा आहात. त्यामुळे 'त्याच खोलीत' हा आग्रह भावनेच्या आधी गणितातच अडतो. तेव्हा तो आताच सोडून द्या. त्या आग्रहापायी तुम्ही स्वतःला जितके दुखवून घ्याल तितके दुसरे कशानेही दुखावणार नाही.

मॅजिक किंगडम या डिस्नेच्या मुख्य उद्यानातले बदल याहून मोठे आहेत आणि ते तुम्ही दारात उभे राहून कळून घेऊ नयेत. ज्या स्प्लॅश माउंटनवर बाबा नखशिखांत भिजले आणि चष्मा पुसायला कोणाचाच रुमाल कोरडा उरला नाही, ती राइड २०२३च्या जानेवारीत बंद झाली. ओंडक्यांच्या होड्या आणि शेवटची ती उडी तशीच आहे, पण २०२४च्या जूनपासून गोष्ट दुसरी, पात्रे दुसरी. आई-बाबा वरच्या मजल्यावर बसून तुमची वाट पाहत होते ती चाकाची आगबोट, लिबर्टी बेल, आणि तुम्ही दोघे जिथे धावत होता ते टॉम सॉयरचे बेट, ही दोन्ही २०२५च्या जुलैत कायमची बंद झाली, ज्या नदीतून बोट फिरायची त्या नदीसकट. हे लिहिताना मलाही थोडे जड जाते आहे. आई-बाबांचा त्या सहलीतला दोघांचाच असा एकमेव फोटो त्या बोटीवरचा आहे, असे तुम्ही लिहिले आहे.

पुष्कळ काही उरलेही आहे. पीटर पॅनची उडती जहाजे, भुतांचा वाडा आणि जगभरच्या बाहुल्यांमधून जाणारी ती संथ होडी ही तिन्ही १९७१ सालची, उद्यानाच्या पहिल्या दिवसांतली. 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' तर १९६४च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी बनवले गेले आणि १९७५पासून फ्लोरिडात आहे : थंडगार प्रेक्षागृहात बसायचे, प्रेक्षागृहच गोल फिरते, आणि एका घरात वीज, फ्रीज, दूरचित्रवाणी कशी येत गेली ते वीसेक मिनिटे बघायचे. तरुण मुले याला कंटाळवाणे म्हणतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला वीस मिनिटे गार हवेत बसायला मिळते ही किती मोठी सोय आहे, हे त्यांना चाळिशीनंतर कळेल. निघण्यापूर्वी मात्र कोणकोणत्या राइड दुरुस्तीसाठी बंद आहेत याची डिस्नेच्या संकेतस्थळावरची यादी जरूर पाहा.

तर तुमचा दुसरा प्रश्न : आठवण हातची जाईल का? माझ्या मते जाणार नाही, पण तिच्यावर नवा थर चढेल. पुढे कधी त्या तलावाचा विचार मनात आला की १९९९ आणि या वर्षीचे असे दोन्ही तलाव एकमेकांवर दिसतील, आणि काही दिवस नवा अधिक ठळक असेल. हे ज्याला मुळीच चालणार नाही त्याने जाऊ नये, असे मी स्पष्ट सांगते. त्यात कमीपणा नाही. काही जण गावातले विकलेले घर दिसू नये म्हणून मुद्दाम दुसऱ्या आळीने जातात, आणि त्यांचे बरोबरच असते. तुम्ही त्यांतल्या आहात का, हे पत्रावरून मला तरी वाटले नाही. तुम्हाला ती जागा मुलांना दाखवायची आहे, आणि दाखवायचे म्हटले की जागा आज जशी आहे तशीच दाखवता येते.

आता दादाकडे येते. तुम्ही त्याचे म्हणणे 'पैशाचा मोठेपणा' म्हणून बाजूला सारले आहे. मला मात्र तुमच्या पत्रातले सगळ्यात महत्त्वाचे वाक्य त्याचेच वाटते : बाबांची ओढाताण तुला माहीत नाही. दहा वर्षांच्या मुलीला एक पिझ्झा चौघांत वाटून खाण्यात गंमत वाटते. सोळा वर्षांच्या मुलाला बाबांनी पाकीट उघडून आतल्या नोटा दोनदा मोजलेल्या दिसतात. तेव्हा डॉलर त्रेचाळीसेक रुपयांना होता आणि डेप्युटेशनवर आलेली माणसे प्रत्येक वस्तूची किंमत मनातल्या मनात त्रेचाळीसने गुणत असत. पुण्यातल्या फ्लॅटचे हप्ते चालू, सहा महिन्यांनी काम राहील की नाही याची खात्री नाही, आणि तरीही त्या माणसाने हजार मैलांवर गाडी हाणत मुलांना डिस्नेच्या आवारात राहायला नेले. बाहेर रस्त्यावर निम्म्या भाड्यात मोटेल मिळाले असते. दादाच्या मनात ते हॉटेल म्हणजे बाबांच्या चेहऱ्यावरचा ताण असेल, तर तिथे परत जायला तो का धजत नाही हे समजण्यासारखे आहे. चांगल्या हॉटेलात राहू, असे तो म्हणतो त्यात दिमाख नसेलही. बाबांना जे देता आले नाही ते निदान आईला देऊ, असे काहीसे त्याला म्हणायचे असेल आणि मुलग्यांना अशी वाक्ये बोलायची सवय आपण लावलेली नसते.

म्हणून त्याला फोन करा, पण हॉटेल ठरवायला नको. 'तुला त्या सहलीतले काय आठवते, मला सांग ना' एवढेच विचारा आणि मध्ये बोलू नका. तुम्ही दोघे एकाच गाडीच्या मागच्या सीटवर बसून दोन वेगवेगळ्या सहलींना गेला होता. त्याची सहल तुम्ही अजून ऐकलेलीच नाही.

आणि आईची तिसरीच असणार. इथे माझा एक अनुभव सांगते. माझ्या लहानपणी आम्ही तीन-चार वर्षे दर मे महिन्यात महाबळेश्वरला एकाच लॉजवर जायचो. माझ्या लेखी ती जागा म्हणजे स्वर्ग : लाकडी जिना, धुके, खिडकीतून हात लांबवला की लागणारी जांभळाची फांदी. चाळिशीत आल्यावर मी मोठ्या हौसेने आईला तिथे घेऊन गेले. लॉज नवे झाले होते, पण जिना तोच होता. आई जिन्याच्या खालच्या पायरीपाशी थांबली, वर पाहिले आणि म्हणाली, "या जिन्याने मी रोज सकाळी सहा बादल्या गरम पाणी वर नेले आहे. वर नळाला पाणीच चढायचे नाही." इतक्या वर्षांत हे वाक्य ती कधी बोलली नव्हती, कारण तिला कोणी विचारलेच नव्हते. आम्ही आनंदात होतो ना. ती रागावलेली नव्हती, हसतच होती. पण त्या दोन दिवसांत माझा स्वर्ग थोडा खाली उतरला आणि आई मला थोडी जास्त दिसू लागली. सौदा वाईट झाला नाही.

तुमच्या आईने १९९९च्या त्या तीन रात्री काय केले असेल? प्रवासासाठी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि कोरडी चटणी तिनेच बांधून घेतली असणार. ओले कपडे न्हाणीघरात पिळून खुर्च्यांच्या पाठींवर वाळत टाकले असणार. बाबा आणि मुले राइडमधून येईपर्यंत पिशव्या सांभाळत बाकावर बसली असणार. कदाचित तिला ते सगळे आवडलेही असेल. सासर-माहेरच्या माणसांपासून इतक्या लांब, चौघांचेच असे ते तिचे एकमेव वर्ष होते. मला ठाऊक नाही, आणि पत्रावरून दिसते की तुम्हालाही नाही. 'तुम्ही ठरवाल तसे' हे उत्तर आपल्याकडच्या आयांच्या तोंडी इतके बसलेले असते की आपण त्याला होकार समजून मोकळे होतो. त्या वाक्याचे अर्थ अनेक असतात : मला जायचे आहे पण तुमच्या खर्चाचे दडपण आहे, मला चालवणार नाही पण तुमचा विरस करायचा नाही, त्यांच्याशिवाय तिथे जायची माझ्यात ताकद नाही. यांतला कोणता, हे 'जायचे का?' असे विचारून कळत नाही. जुन्या फोटोंचा अल्बम किंवा फोनमधली छायाचित्रे काढून तिच्या शेजारी बसा, त्या बोटीवरच्या फोटोपाशी थांबा आणि तेव्हाचे काहीतरी अगदी बारीक विचारा : इथे तुम्ही दोघे काय बोलत होता, तुझ्या हातातली पिशवी कसली होती. आणि हो, बोट आता राहिली नाही, हे तिला घरी, तुमच्या सोफ्यावर बसूनच कळू द्या.

हे बोलणे झाल्यावर जे समजेल त्यावर पुढचे ठरवा. तरीही पर्यायांविषयी माझे मत विचाराल तर देते.

पतीने सुचवलेले पॉलिनेशियन हे उद्यानाबरोबर १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलेले हॉटेल आहे. तळ्याकाठी वाळू, दारात मोनोरेल, खोलीतून उद्यानात जायला दहा-पंधरा मिनिटे. आईच्या गुडघ्यांचा विचार केला तर ही सोय खरी आहे आणि ती 'श्रीमंती थाट' म्हणून उडवून लावू नका. भाडे मात्र ऑल-स्टारच्या कित्येक पट. दुसरा पर्याय पत्रात नाही, पण आपल्याकडची बरीच कुटुंबे तोच घेतात : डिस्नेजवळच्या किसिमी गावाच्या बाजूला तीन-चार खोल्यांचे घर आठवड्याने भाड्याने घेणे. स्वयंपाकघर मिळते, वरणभात होतो, मुलांना तलाव मिळतो. आठवणीशी त्याचा काही संबंध उरत नाही, आणि घर म्हटले की आई आपोआप ओट्यापाशी उभी राहते. तुम्ही तिला कितीही 'बस गं' म्हटलेत तरी. मी असते तर या सहलीपुरते घर घेतले नसते.

माझा कल मुक्काम वाटून घेण्याकडे आहे. पहिली एक रात्र ऑल-स्टार म्युझिकच्या फॅमिली स्वीटमध्ये सगळ्यांनी मिळून राहा. त्या दिवशी उद्यानाचे तिकीटच काढू नका. दुपारी पोहोचा, मुलांना तलावात सोडा, संध्याकाळी बुटांपुढे फोटो काढा, फूड कोर्टमधून पिझ्झा आणा. तलाव फक्त तिथे राहणाऱ्यांसाठी असतात, त्यामुळे 'नुसते बघून येऊ' म्हटले तर बूट दिसतील पण पाण्यात उतरता येणार नाही. एका रात्रीचे भाडे त्यासाठी सार्थकी लागते. पुढच्या दोन रात्री दादाच्या आणि पतीच्या मनासारख्या हॉटेलात. डिस्नेच्या एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात जाताना सामान सकाळी तिथल्या कर्मचाऱ्यांच्या ताब्यात दिले की ते स्वतःच पोहोचवतात, वेगळे पैसे लागत नाहीत. औषधे आणि पासपोर्ट तेवढे हातातल्या पिशवीत ठेवा. पॉलिनेशियन खिशाला जड वाटले तर 'पॉप सेंच्युरी'चाही विचार करा : २००३ साली सुरू झालेले, ऑल-स्टारच्याच जातकुळीतले, तसेच भडक आणि अवाढव्य वस्तूंनी सजवलेले हॉटेल. २०१९पासून त्याच्या दारातून स्कायलायनर नावाचा पाळण्यांचा रोपवे एप्कॉट आणि हॉलिवुड स्टुडिओज या दोन उद्यानांना जातो, त्यामुळे तिकडे जाताना बसची वाट पाहावी लागत नाही.

तिन्ही रात्री ऑल-स्टारमध्येच राहायचे ठरले तरी वाईट काहीच नाही. उद्यान अर्धा तास आधी उघडण्याची रोजची सवलत डिस्नेच्या स्वस्त आणि महाग, दोन्ही हॉटेलांतल्या पाहुण्यांना सारखीच मिळते. अडचण आईच्या चालण्याची आहे. आवार पसरलेले आहे, एखाद्या टोकाच्या इमारतीतून बसथांब्यापर्यंत दमछाक होते, आणि रात्री उद्यान सुटल्यावर बससाठी रांग लागते. मुख्य इमारतीजवळची जागा थोडे जास्त भाडे देऊन मिळत असेल तर घ्या. इथे काटकसर करू नका.

ऑगस्टचा आग्रह मात्र मी मोडून काढणार आहे. तेव्हाच गेलो होतो म्हणून आताही तेव्हाच, हे ऐकायला गोड आहे, पण फ्लोरिडातला ऑगस्ट म्हणजे पुण्याचा मे आणि मुंबईची हवा एकत्र, त्यावर जवळजवळ रोज दुपारी विजांसह पाऊस, आणि वादळांचा हंगामही चालूच. दहा वर्षांच्या वयात ते अंगाला लागत नाही. डिसेंबरचा पहिला आठवडा किंवा जानेवारीचा उत्तरार्ध पाहा. मुलांची शाळा दोन दिवस बुडाली तर बुडू द्या. आईच्या परतीची तारीख त्याआधीची असेल तर निदान ऑक्टोबरपर्यंत थांबा. नाताळचा आठवडा टाळा, तेव्हा भाडे आणि गर्दी दोन्ही शिगेला असतात.

उद्यानात दिवसाला दहा-बारा हजार पावले सहज होतात. व्हीलचेअर प्रत्येक उद्यानाच्या दारात भाड्याने मिळते. आई 'मी काय एवढी म्हातारी झाले का' म्हणेल. तिच्याशी वाद घालू नका, खुर्ची घ्या आणि तिच्यावर पिशव्या ठेवून ढकलत न्या. अकरा वाजेपर्यंत आई स्वतःच पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली असेल. माझ्या ओळखीत हा उपाय तीन आयांवर लागू पडला आहे.

तिकिटांविषयी थोडे सांगायला हवे, कारण सहा जणांच्या हिशेबात हॉटेलपेक्षा तिकिटेच जड होतात. तुम्ही गेलात तेव्हा मोठ्यांचे एका दिवसाचे तिकीट चाळीस-पंचेचाळीस डॉलरच्या घरात होते. आता दर दिवसाचा भाव वेगळा असतो आणि तो शंभराच्या खाली क्वचितच येतो. १० वर्षांपासून पुढे प्रौढांचे तिकीट लागते, म्हणजे तुमचे थोरले अपत्यही त्यात आले. १९९९मध्ये नुकतीच सुरू झालेली, रांग टाळण्याची फुकट चिठ्ठी आता पैसे देऊन घ्यावी लागते. म्हणून सगळ्यांनी रोज उद्यानात गेलेच पाहिजे, हा हिशेब सोडा. आईला एका दिवसाचे तिकीट पुरे. उरलेल्या दिवसांत तिला घेऊन बसने मॅजिक किंगडमच्या दारापर्यंत जायचे. सुरक्षा तपासणी होते पण तिकीट लागत नाही. तिथून मोनोरेलने तळ्याला प्रदक्षिणा घालायची, पॉलिनेशियनच्या वाळूत बसून रात्रीची आतषबाजी पाण्यापलीकडे पाहायची. मोनोरेल फुकट, स्कायलायनर फुकट. कोणी सोबत थांबायचे हे आधीच ठरवून घ्या आणि दर वेळी ते तुम्हीच नसा. एक संध्याकाळ दादाला आईबरोबर एकटे बसू द्या.

खाण्याचे फार अवघड नाही. बाहेरचे खाणे उद्यानात नेता येते, काचेची बरणी तेवढी चालत नाही. त्यामुळे दशम्या आजही न्या. यंदा त्या आईने न करता तुम्ही किंवा दादाने करा, वाकड्या झाल्या तरी चालतील. एक संध्याकाळ डिस्नेच्याच ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलातल्या 'सना' या उपाहारगृहात काढा. तिथे नान आणि तऱ्हेतऱ्हेच्या चटण्यांचे ताट मिळते आणि खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. जागा आधी राखून ठेवावी लागते.

मुलांविषयी एकच विनंती. त्यांना सारखे 'इथे आजोबा असे म्हणाले होते, तिथे तसे झाले होते' सांगू नका. पहिल्या संध्याकाळी बुटांपुढे एकदा सांगा, जुना फोटो दाखवा, तशाच जागी उभे करून नवा काढा आणि मग त्यांना सोडून द्या. थोरला जाहीर करेल की बूट काही एवढे मोठे नाहीत. ऐकून घ्या. तुम्ही तेव्हा ज्या उंचीवरून पाहिले होते, त्याच उंचीवरून तो पाहतो आहे, पण त्याने याहून मोठ्या गोष्टी पडद्यावर पाहिलेल्या आहेत.

बाबांची उणीव तिथे अचानक उसळून येईल, आणि ती बहुधा तुम्ही योजलेल्या जागी येणार नाही. बुटांपुढे काही होणार नाही आणि बर्फाच्या यंत्रापाशी उभे असताना गळा दाटून येईल. तेव्हा 'सहल खराब होईल' म्हणून ते लपवू नका. आई कदाचित त्याचीच वाट पाहत असेल, की या मुलांपैकी कोणीतरी आधी त्यांचे नाव काढावे.

सुरुवात आरक्षणापासून करा, कारण फॅमिली स्वीट मोजके असतात. फक्त खोल्यांचे आरक्षण घ्या. तिकिटांसकट पॅकेज घेतले तर रद्द करण्याचे नियम अधिक कडक असतात. काउबॉय बुटांच्या बाजूची इमारत हवी, अशी विनंती नोंदवता येते, ती मान्य होईलच असे नाही, आणि त्या इमारतीत स्वीट नसेल तर दोन साध्या खोल्या शेजारशेजार मिळतात का ते फोन करून विचारा. पूर्ण पैसे परत मिळण्याची शेवटची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या तारखेच्या आत दादाची सहल ऐकून झालेली असू दे, आणि आईची पिशवी कसली होती तेही कळलेले असू दे.